मेरिडियन नक्की करतात काय? (चिनी वैद्यक)

टिपकागद:

चिनी वैद्यकातल्या मेरिडियनबद्दल वाचायला गेलं की दोनच प्रकार हाती लागतात. एक तर 'शरीरातल्या ऊर्जेचे हमरस्ते', नाहीतर 'सगळं थोतांड'. खरं-खोटं नंतर बघू. त्या शास्त्राच्या स्वतःच्या हिशेबात आरोग्य आणि आजारपणात या वाहिन्यांचं काम काय, ते आधी नीट कळायला हवंय. अडलेल्या जागा अशा:

१) तक्त्यावर फुफ्फुसाच्या वाहिनीचा बाण छातीकडून अंगठ्याकडे जातो. पण तिचे जे खास पाच बिंदू सांगतात, त्यांची मोजणी अंगठ्यापासून कोपराकडे. मग प्रवाह कुठून कुठे?
२) दुखतो दात आणि दाबायचं हातावर. यामागचा तर्क?
३) रात्री १ ते ३ ही यकृताची वेळ, तेव्हा रोज जाग आली तर यकृतात बिघाड, असं सर्रास सांगितलं जातं. कितपत धरून चालायचं?
४) आपल्या नाड्या आणि मर्मं म्हणजे हेच का?

जाणकारांनी जरा तपशिलात लिहावं.

---

सुईदोरा:

घोळ 'मेरिडियन' या शब्दापासूनच सुरू होतो. तो फ्रेंचमधून आलाय; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्ज सुलिए द मोरां यांच्या लिखाणातून तो पाश्चात्त्य जगात रुळला. मेरिडियन म्हणजे नकाशावरचं रेखावृत्त. त्याला जाडी नाही, त्यातून काही वाहत नाही. मूळ चिनी शब्द जिंग-लुओ. जिंग म्हणजे मागावरचा उभा ताणा, लुओ म्हणजे जाळं. उभ्या मुख्य वाहिन्या आणि त्यांना आडवं जोडणारं जाळं, असं ते चित्र आहे.

आणि ते चित्र पाण्याचं आहे, विजेच्या तारांचं नाही. 'लिंगशू' या प्राचीन ग्रंथाच्या बाराव्या प्रकरणात बारा वाहिन्यांची तुलना चीनमधल्या बारा नद्यांशी केलीय. तुम्ही म्हणताय त्या पाच बिंदूंची नावंसुद्धा क्रमाने विहीर, झरा, ओढा, नदी आणि समुद्र अशी आहेत. फुफ्फुसाच्या वाहिनीवर विहीर अंगठ्याच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी (एलयू-११; अशा खुणांत आधी वाहिनीच्या इंग्रजी नावाचं लघुरूप, मग बिंदूचा क्रमांक), झरा अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर (एलयू-१०), ओढा मनगटाच्या घडीवर (एलयू-९), नदी तिच्या १ त्सुन, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढं, वर (एलयू-८) आणि समुद्र कोपराच्या घडीत, दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेच्या अंगठ्याकडच्या बाजूला (एलयू-५). बोटाच्या टोकाशी पाणी उथळ आणि चपळ, कोपराशी खोल आणि संथ. उपचारातही तेच गृहीत आहे: ताप, घसा सुजणं अशा तडकाफडकी उठलेल्या तक्रारींना टोकाकडचे बिंदू, मुरलेल्या, आतल्या अवयवांच्या तक्रारींना 'समुद्र'.

आता तुमचा पहिला प्रश्न. ही विसंगती खरीच आहे. चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मधलं एक थडगं १९७३ साली उकरलं गेलं. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर निघाले. त्यांत वाहिन्या बारा नाहीत, अकराच आहेत. हृदयावरणाची वाहिनी गायब. बिंदूंचा पत्ताच नाही. आणि त्यातल्या एका मजकुरात सगळ्या वाहिन्या हातापायांकडून धडाकडे जातात. पाच बिंदूंची मोजणी त्याच विचाराला धरून आहे: पाणी टोकाकडून आत. पुढे 'लिंगशू'च्या दहाव्या प्रकरणात बारा वाहिन्यांची टोकं जोडून एक बंद फेरा केला. छातीकडून हाताकडे तीन, हाताकडून डोक्याकडे तीन, डोक्याकडून पायाकडे तीन, पायाकडून पुन्हा पोटा-छातीकडे तीन. असं केल्यावर निम्म्यांची दिशा उलटी होणारच. पाच बिंदूंची जुनी मोजणी मात्र कुणी बदलली नाही. जुन्या जोत्यावर नवी माडी चढवली की एखादा जिना भिंतीत जाऊन संपतो, तसं झालंय. व्यवहारात दोन्ही वापरतात. सुई वाहिनीच्या दिशेने तिरकी घातली तर पोषण, उलट दिशेने घातली तर निचरा. तिथे बाण बघायचा. बिंदू उथळ की खोल, हे ठरवताना पाण्याची उपमा.

काम काय म्हणाल तर चार गोष्टी: ची (शरीरात फिरणारी जीवनशक्ती) आणि रक्त सगळीकडे पोचवणं, आतल्या अवयवाला बाहेरच्या अंगाशी जोडणं, कातडीलगत संरक्षक ची फिरती ठेवून बाहेरची बाधा थोपवणं, आणि आतला बिघाड बाहेर दाखवणं. निदान आणि उपचार या चौथ्या कामावर उभे आहेत, पण तक्त्यांवर नेमकं तेच नसतं.

फुफ्फुसाचीच वाहिनी बघा. ती फुफ्फुसात सुरू होत नाही, जठराच्या भागात होते. तिथून खाली मोठ्या आतड्याला वेढा, मग वर छाती-पोटामधल्या पडद्यातून फुफ्फुसात, घशाकडून आडवी बाहेर, काखेवरून दंडाच्या आतल्या कडेने अंगठ्यापर्यंत. कातडीवर दिसणारे ११ बिंदू हा फक्त बाहेरचा तुकडा. खोकला, धाप, छाती भरल्यासारखी वाटणं, गळ्याखालच्या खळगीत दुखणं आणि तळहाताची आग ही लक्षणं 'लिंगशू' एकाच वाहिनीच्या नावावर का मांडतो, ते हा आतला मार्ग कळल्याशिवाय समजत नाही.

बिघाडाचेही ढोबळ दोनच प्रकार. पाट तुंबला, किंवा पाटात पाणीच नाही. तुंबल्यावरचं चिनी वचन 'थोंग नाही तिथे थोंग' असं आहे. पहिला थोंग म्हणजे मोकळी वाट, दुसरा म्हणजे दुखणं, फरक फक्त सुराचा. पण हे वचन सगळीकडे लावू नका. पाट कोरडा असेल तर दुखणं बोथट असतं, थकल्यावर वाढतं, आणि तिथे 'मोकळं करायला' जोरजोरात दाबलं तर माणूस आणखी गळतो. ओळखायची सोपी खूण: दाबल्यावर बरं वाटत असेल तर बहुधा कमतरता, हात लावू देत नसेल तर बहुधा तुंबणं.

---

चवथा_कोन:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहितो.

मोठ्या आतड्याची वाहिनी तर्जनीच्या नखाच्या अंगठ्याकडच्या कोपऱ्यातून निघते. हाताच्या बाहेरच्या कडेने कोपर, खांदा, मानेची बाजू, गाल असं करत खालच्या हिरडीत शिरते, ओठाला वळसा घालते, नाकाखालच्या खाचेत दुसऱ्या बाजूला ओलांडते आणि पलीकडच्या नाकपुडीशी संपते. दातदुखीला हातावरचा एलआय-४ का, याचं उत्तर या मार्गात आहे. शिवाय वाहिनी ओठावर बाजू बदलते, म्हणून चेहऱ्याच्या उजव्या बाजूच्या दुखण्याला डावा हात घेण्याची पद्धत आहे. वरच्या हिरडीत जठराची वाहिनी जाते. त्यामुळे वरचा दात असेल तर पायाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांमधल्या बेचक्यातला एसटी-४४ सोबत घेतात. 'मोठं आतडं आणि दात यांचा संबंध काय' असं विचारण्यात अर्थ नाही. संबंध मार्गाचा आहे. (दाताला कीड किंवा पू असेल तर यातलं काहीही तो काढत नाही. ठणका थोडा उतरला म्हणून दंतवैद्य टाळू नये.)

डोकेदुखीत हे जास्त स्वच्छ दिसतं. रुग्णाला 'कुठे दुखतं ते बोटाने दाखवा' एवढंच सांगायचं.

कपाळ दाखवलं तर जठर आणि मोठं आतडं: एलआय-४, एसटी-४४. कानशील आणि बाजू असेल तर पित्ताशय: पायावरचा जीबी-४१, हातावरचा टीई-५. मानेतून वर चढणारी कळ असेल तर मूत्राशय आणि लहान आतडं: घोट्यामागचा बीएल-६०, तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवरचा एसआय-३. टाळू (डोक्याचा माथा) असेल तर यकृत, कारण यकृताच्या वाहिनीची आतली शाखा टाळूपर्यंत जाते: एलआर-३, पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमधली खोलगट जागा.

अर्थात बोट दाखवलं म्हणजे निदान झालं नाही. पुढची पायरी वाहिनी चाचपण्याची, आणि नेमकी तीच टाळली जाते. अंगठ्याच्या पेराने कोपरापासून मनगटापर्यंत आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळूहळू सरकत जायचं, दाब सगळीकडे सारखा. शोधायच्या तीन गोष्टी: वाटाण्याएवढी कडक गाठ किंवा दोरीसारखा ताण, बोट आत जाईल अशी पोकळ जागा, आणि आजूबाजूपेक्षा गार किंवा गरम पट्टा. दोन्ही बाजू ताडून बघायच्या. पुस्तकातल्या बिंदूपासून अर्धं बोट सरकून दुखरी गाठ सापडली तर बरेच जाणते गाठच घेतात.

आणि एक. इथे 'यकृत', 'प्लीहा' म्हणजे शवविच्छेदनात दिसणारे अवयव नव्हेत, कामांचे गट आहेत. चिनी प्लीहा पचन सांभाळते, जे काम शरीरशास्त्रातली प्लीहा करत नाही. 'त्रिदाह' (सानजिआओ) या वाहिनीला तर हातात धरता येईल असा अवयवच नाही. त्यामुळे 'यकृताची वाहिनी बिघडलीय' ऐकून रक्ततपासणीला धावणं चूक, आणि रक्ततपासणीत यकृत खराब निघालं असता वाहिनीवर भरवसा ठेवून बसणं त्याहून चूक.

---

उलटतपास:

घड्याळाबद्दल.

तक्ता सगळ्यांना पाठ असतो: पहाटे ३ ते ५ फुफ्फुस, ५ ते ७ मोठं आतडं, ७ ते ९ जठर, ९ ते ११ प्लीहा, ११ ते १ हृदय, १ ते ३ लहान आतडं, ३ ते ५ मूत्राशय, ५ ते ७ मूत्रपिंड, ७ ते ९ हृदयावरण, ९ ते ११ त्रिदाह, ११ ते १ पित्ताशय, १ ते ३ यकृत. वाहिन्यांचा क्रम जुनाच आहे, त्याला दिवसाचे बारा चिनी प्रहर जोडले. मुख्य उपयोग कोणत्या वेळी कोणता बिंदू उघडा धरायचा, हे ठरवण्याचा. 'तीनला जाग आली, यकृत गेलं' हे त्याचं लोकप्रिय आणि फार ढिलं रूप आहे.

गंमत म्हणजे 'लिंगशू'च्या पंधराव्या प्रकरणातला हिशेब वेगळाच आहे. त्यात ची दिवसरात्रीत ५० फेरे घेते. एका श्वासात (आत-बाहेर मिळून) ६ त्सुन सरकते, दिवसाचे श्वास १३,५००, वाहिन्यांची एकूण लांबी १६२ फूट (चिनी फूट, म्हणजे १० त्सुन). गुणाकार करून बघा, बरोबर जुळतो: १३,५०० गुणिले ६ म्हणजे ८१,००० त्सुन, भागिले ५०, १,६२० त्सुन. म्हणजे एक फेरा साधारण २९ मिनिटांचा! मग एकेका वाहिनीत दोन-दोन तास भरती कशी? दोन वेगळ्या मांडण्या आहेत, दोन्ही परंपरेच्याच. शिवाय १३,५०० श्वास म्हणजे मिनिटाला नऊ-साडेनऊ. आरामात बसलेल्या प्रौढ माणसाचे १२ ते २० असतात. आकडा मोजून आलेला नाही, जुळवून आणलेला आहे, हे उघड आहे.

घड्याळ वापरायचंच असेल तर निदान सूर्याचं वापरा. आख्ख्या चीनमध्ये एकच अधिकृत वेळ चालते. पश्चिमेकडच्या उरुम्चीत सूर्य त्या घड्याळाच्या सुमारे दोन तास मागे असतो. म्हणजे बेजिंगच्या वेळेने तिथे रात्री तीनला जाग आलेला माणूस पित्ताशयाच्या पाळीत येतो, यकृताच्या नव्हे.

आता पुराव्याचं, कारण ते कुणीतरी लिहायला हवं. वाहिनी नावाची नळी, दोरा किंवा पोकळी शरीरात सापडलेली नाही. १९६० च्या दशकात उत्तर कोरियात किम बोंगहान यांनी ती सापडल्याचा दावा केला होता. तो मुख्य प्रवाहात टिकला नाही. लँजेविन आणि यांडो यांनी २००२ मध्ये दाखवलं की हातावरचे सुमारे ८० टक्के बिंदू स्नायूंमधल्या संयोजी ऊतींच्या पडद्यांवर पडतात. रंजक आहे, पण ते पडदे सगळ्यांच्याच अंगात सगळीकडे असतात. तसंच हृदयाची वाहिनी काखेतून हाताच्या आतल्या कडेने करंगळीपर्यंत जाते आणि हृदयविकाराची कळही पुष्कळदा त्याच कडेने उतरते. जुन्या वैद्यांनी ती कळ टिपली असणं शक्य आहे; आज तिचं स्पष्टीकरण मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर येणाऱ्या चेतातंतूंनी देतात. (छातीत दाब आणि हातात उतरणारी कळ असेल तर बिंदू शोधत बसू नका. रुग्णवाहिका.)

वाहिनीच्या सिद्धांताला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट म्हणजे खोट्या सुयांच्या चाचण्या. जर्मनीतल्या २००७ च्या कंबरदुखीच्या मोठ्या चाचणीत १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवरच्या सुयांनी ४७.६ टक्क्यांना गुण आला, वाहिन्या सोडून उथळ टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. सुई टोचण्याचा काहीतरी उपयोग होतोय असं यावरून म्हणता येईल; रेघ अचूक पाळल्याने होतोय असं म्हणणं कठीण आहे.

---

सुईदोरा:

उलटतपास, आकडे बरोबर आहेत. पण सगळ्या बिंदूंना एकच माप लावू नये. मळमळीसाठीच्या, मनगटाच्या थोडा वर असलेल्या पीसी-६ ची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी तिथल्या उत्तेजनाने खोट्या उपचारापेक्षा कमी झाली. पुराव्याचा दर्जा त्यांनी मध्यम नाहीतर कमी धरला, तेही खरं.

बाकी रेघ हलते हे परंपरेलाही ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम पॅसिफिक विभागाने चीन, जपान आणि कोरिया यांच्या तज्ज्ञांना बसवून ३६१ बिंदूंच्या जागा ठरवल्या, २००८ मध्ये त्या छापल्या. सुरुवातीला ९२ बिंदूंवर मतभेद होते. शेवटी सहा उरले, त्यांना दोन-दोन जागा द्याव्या लागल्या.

---

कळीचा_मुद्दा:

चौथा प्रश्न राहिलाच. थोडक्यात: एकच नाही. योगातल्या नाड्या (७२,००० हा आकडा तिथला) प्राणाच्या आहेत खऱ्या, पण इडा, पिंगला, सुषुम्ना यांचा रोख साधनेकडे आहे. एकेका अवयवाची एकेक वाहिनी आणि तिच्यावर मोजून मांडलेले बिंदू असा आराखडा तिथे नाही. सुश्रुताची १०७ मर्मं तर जवळजवळ उलट्या हेतूची. शल्यकर्म करताना जिथे इजा होऊ द्यायची नाही, त्या त्या जागा. काही जागा जुळतात, कारण शरीर एकच आहे.

---

टिपकागद:

सगळ्यांचे आभार. जिना भिंतीत संपतो हे वाचून डोक्यातला गुंता सुटला. आता पीसी-६ चा विषय निघालाच आहे तर घरी तो अचूक कसा शोधायचा? मळमळीचा पट्टा मिळतो तो मनगटाच्या घडीवर बांधला तर चालतो का? आणि 'त्सुन' म्हणजे किती सेंटिमीटर?

---

चवथा_कोन:

त्सुनला सेंटिमीटर नाहीत, ते ज्याचं त्याचं माप आहे. त्याच माणसाच्या अंगठ्याची सांध्यापाशी जी रुंदी ती १ त्सुन. चार बोटं जुळवून मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यापाशी जी रुंदी ती ३ त्सुन. आपल्या बोटांनी दुसऱ्याचं मोजायचं नाही. मोठ्या माणसाच्या बोटांनी लहान मुलाचा हात मोजला तर बिंदू कुठच्या कुठे जातो. दुसऱ्याचं बघताना भागणी करावी: मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत नेहमी १२ त्सुन धरतात. तो हात २४ सेंटिमीटर भरला तर त्या माणसाचा १ त्सुन २ सेंटिमीटर.

पीसी-६ घडीपासून २ त्सुन वर आहे, म्हणजे अंतराचा सहावा भाग. स्वतःचा शोधताना तळहात वर करा, दुसऱ्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून आडवी ठेवा, अनामिकेची कड मनगटाच्या घडीला लागेल अशी. तर्जनीच्या वरच्या कडेला, हाताच्या मधोमध अंगठा टेकवा. आता मूठ आवळून मनगट किंचित आत वाकवा. दोन दोऱ्या उठून दिसतील. बिंदू त्या दोन दोऱ्यांच्या मधे.

मूठ सोडा, हात सैल करा, मग दाबा. आवळलेल्या हातात बोट दोरीवरून घसरतं आणि दाब आत पोचतच नाही. अंगठ्याने सरळ खाली, हळूहळू वाढवत, एक ते दोन मिनिटं. मग दुसरा हात. जडपणा किंवा बोथट ठणका जाणवला तर ठीक. बोटांत मुंग्या किंवा झिणझिण्या आल्या तर खाली असलेली मधली चेता दबतेय, दाब लगेच कमी करा.

पट्टा घडीवर बांधला तर बटण पीसी-७ वर बसतं, मळमळीसाठी ते नको. बटण दोन दोऱ्यांच्या मधे, तीन बोटं वर. हात निळसर पडला किंवा गार लागला तर पट्टा फार घट्ट आहे.

---

सुईदोरा:

दाबणं घरी ठीक, सुया घरी नकोत. खांद्यावरचा जीबी-२१ दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याच्या खाली फुफ्फुसाचं टोक आहे. सरळ खोल गेलेली सुई फुफ्फुसाला भोक पाडू शकते. छाती आणि पाठीच्या वरच्या भागाचंही तेच, म्हणून तिथे सुई तिरकी आणि उथळ घालतात. सुई दर वेळी नवी, निर्जंतुक, एकदाच वापरायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू द्यायची नाही. रिकाम्या पोटी किंवा बसवून पहिल्यांदा सुया घेतल्या की घेरी येते. आली तर सगळ्या सुया काढायच्या, आडवं करायचं, पाय वर.

गरोदरपणात एलआय-४ आणि घोट्याच्या वरचा एसपी-६ परंपरेने वर्ज्य आहेत. त्या काळातल्या मळमळीला पीसी-६ दाबायला हरकत नाही, पण पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर डॉक्टर.

---

टिपकागद:

एकच शंका. मूठ आवळली की एका हातावर दोन दोऱ्या दिसतात, दुसऱ्यावर एकच. जागा चुकतेय का?

---

चवथा_कोन:

चुकत नाहीये. तळहाताकडे जाणारी ती पातळ कंडरा काही लोकांना एका किंवा दोन्ही हातांना जन्मतःच नसते. अंगठा आणि करंगळी यांची टोकं जुळवा आणि मनगट वाकवा. तरीही मधे दोरी उठली नाही तर ती नाही असं समजा. अशा हातावर जी एक दोरी दिसते ती अंगठ्याकडची. तिच्या करंगळीकडच्या कडेला लागून, त्याच २ त्सुनांवर दाबा. तिथे चेतेवर आच्छादन कमी असतं, म्हणून दाब दुसऱ्या हातापेक्षा हलका ठेवा.